एसा कॉर्बिनच्या वह्या आणि चालता ओ

आमच्या कोर्टहाऊसच्या जिन्यात अस्वलाचं एक कातडं टांगलेलं आहे. गळ्यापाशी पांढरा पट्टा, म्हणून त्या अस्वलाला सगळं खोरं पाद्री म्हणायचं. खाली पितळी पाटी आहे: ‘एसा कॉर्बिन यांनी नऊ दिवस माग काढून मारले, एप्रिल १९०८.’ मी तिथे सव्वीस वर्षं कारकून आहे. रोज दोनदा त्या कातड्याखालून जाते. उन्हाळ्यात त्याला वास येतो, कसर लागलेली आहे, आणि बाहेरगावचा कुणी आला की तिथे उभा राहून माझा जिना अडवतो. मी दोनदा अर्ज केला की हे धूड कुठेतरी हलवा. दोन्ही वेळा साहेब हसले आणि म्हणाले, विनी, एसा कॉर्बिनचं अस्वल हलवलं तर पुढच्या निवडणुकीत मलाच हलवतील.

एसाला मी लहानपणापासून पाहिलेलं. आमची रँच त्यांच्या खालच्या अंगाला, क्लोव्हर फोर्क नदीच्या पाण्यावर. तो टेक्सासहून गुरांचा कळप हाकत वायोमिंगमध्ये आला तेव्हा इथे ना दुकान ना शाळा. बायको आणली, ओंडक्यांचं घर बांधलं, दोनशे गुरं केली, शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्यातली एकशे साठ बर्फात मेली, पुन्हा उभी केली. अस्वलं मारायला लागला ती हौसेनं नव्हे. वासरं उचलून न्यायची म्हणून. पण माणसाला एक गोष्ट चांगली जमते म्हटल्यावर लोक तीच त्याच्याकडे मागतात. पुढे कुणाच्याही रानात अस्वल उतरलं की एसाला बोलावणं जायचं, आणि तो कुत्री घेऊन निघायचा. बोलायचा कमी. जेवायला बसला की बटाटे संपेपर्यंत एक शब्द नाही. माझी आई म्हणायची, त्या घरात घड्याळच काय ते बडबडं.

त्याला एकच मूल, ऑर्फा. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती पंधराची असताना आई गेली, आणि तेव्हापासून ते घर, कोंबड्या, दूध, कामगारांचं जेवण, सगळं तिच्या अंगावर पडलं. ती दिसायला बरी होती, हातानं चलाख होती, आणि तिच्या जिभेला धार होती. तरी तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही ते खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे निदान सगळे तसं समजत होते.

१९०७ च्या उन्हाळ्यात सरकारी मोजणीची तुकडी आली. त्यात साखळी धरणारा एल्डन फिस्क नावाचा उंच, लाल केसांचा माणूस होता. तुकडी कॉर्बिनच्या कुरणात तंबू ठोकून सात आठवडे राहिली. सातव्या आठवड्यात फिस्कनं ऑर्फाला सांगितलं की तो ओरेगॉनला जाऊन जमीन घेणार, घर बांधणार, आणि वसंतात पत्र पाठवून तिला बोलावणार. तिनं येईन म्हणून सांगितलं. मला हे तिनं आमच्या गोठ्यात, कुणी ऐकणार नाही अशा आवाजात सांगितलं होतं. मला वाटतं, आनंद तिला पेलवत नव्हता.

पत्र आलं नाही. टपाल तेव्हा खालच्या दुकानात यायचं आणि आठवड्यातून एकदा एसा घोड्यावरून जाऊन घेऊन यायचा. ऑर्फा फाटकाशी उभी राहायची. एप्रिल गेला, मे गेला, ऑगस्टपर्यंत ती उभी राहिली. मग एके दिवशी ती फाटकाशी दिसली नाही, आणि त्यानंतर कधीच दिसली नाही. लोक म्हणाले, मोजणीवाले काय, आज इथे उद्या तिथे. मीही कमी नव्हते. शाळेच्या जेवणावळीत मी चारचौघींत म्हणाले होते की फिस्कचं पत्र बहुतेक खेचरावर बसून येतंय. ऑर्फा माझ्यामागेच ताटं पुसत होती. ती एक ताट जास्तच वेळ पुसत राहिली. ते आठवलं की मला अजून स्वतःची चीड येते.

पुढची छत्तीस वर्षं ती बापाजवळ राहिली. एसा एक्याण्णव वर्षांचा होऊन १९४४ च्या शरदात गेला. शेवटची सहा वर्षं तो शेगडीपाशी खुर्चीत बसून असायचा आणि ती त्याच्या पायांना पट्ट्या बांधायची.

दीड वर्षानं तिला राज्याच्या युनिव्हर्सिटीकडून पत्र आलं. जुन्या रँचवाल्यांचे घरगुती कागद ते जमा करत होते. एसा कॉर्बिनसारख्या शिकाऱ्याच्या रोजच्या वह्या असतील तर त्या जपून ठेवू, यादी करू, अभ्यासकांना दाखवू. विशेषतः १९०८ ची वही, पाद्री अस्वलाची, असेल तर फारच मोलाची. सही मिस्टर प्रॅट. मेच्या शेवटच्या शनिवारी गाडी घेऊन स्वतः येतो म्हणाला.

वह्या होत्या. एकसष्ट होत्या. एसा रोज एक-दोन ओळी लिहायचा, खिशात मावणाऱ्या लहान वह्यांत, पेन्सिलनं. मरायच्या आधी त्यानं ऑर्फाला त्याबद्दल एकच गोष्ट सांगितली होती, जाळू नकोस म्हणून. तिनं जाळल्या नाहीत आणि वाचल्याही नाहीत. आता मात्र द्यायच्या म्हटल्यावर ती रविवारी चर्चनंतर माझ्यापाशी आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, बापाचं अक्षर म्हणजे कोंबडीनं माती उकरल्यासारखं.

मला म्हणाली, “विनी, तू जन्मभर लोकांचं घाणेरडं अक्षर वाचत आलीस. माझ्यासाठी एवढं वाचून दे.”

मी म्हटलं, एकसष्ट वह्या? काय हवंय तुला त्यातून?

ती हातमोजे ओढत होती. “दोन गोष्टी. त्यानं माझ्याबद्दल कधी काही लिहिलंय का. आणि त्या वर्षी पत्र आलं होतं का.”

अडतीस वर्षांत तिनं त्या पत्राचं नाव काढलं नव्हतं. मी होय म्हणाले. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

पुढचे पाच रविवार मी तिच्या स्वयंपाकघरात बसले. ती बीन्स चढवायची, मक्याची भाकरी भट्टीत ठेवायची आणि माझ्यासमोर हात पुसत बसायची. मी मोठ्यानं वाचायची. आम्ही अगदी पहिल्या वहीपासून सुरुवात केली, कारण ऑर्फाला कुठलंच काम मधून सुरू करता येत नाही. मला तडक १९०८ उघडायची होती. मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, अडतीस वर्षं थांबले, चार रविवारांनी मला काय होतंय.

काय होतं त्या वह्यांत? हवा. वारा कुठून, बर्फ किती, पाणी गोठलं की नाही. कुठल्या गाईला वासरू झालं. अस्वलाचा माग कुठे दिसला, पंजा किती बोटं रुंद. आणि कुत्री. बापरे, ती कुत्री. ‘बेल्शाला काटा लागला, काढला.’ ‘ज्युबल अस्वलाशी लढला, कान गेला, शूर कुत्रा.’ ‘सारा म्हातारी झाली, आज गेली, टेकडीवर पुरली, दिवस वाईट गेला.’ मी वाचत गेले आणि ऑर्फाचा चेहरा बघत गेले. १८८४ च्या मार्चमध्ये, तिच्या जन्माच्या दिवशी, वारा वायव्येकडून होता आणि बेल्शाला पाच पिल्लं झाली होती. मुलीचं नाव नाही. बायकोसाठी तो नुसतं ‘ती’ लिहायचा. ‘ती बरी नाही.’ ‘ती बरी आहे.’ ऑर्फा हा शब्द पहिल्या दहा वह्यांत कुठे नव्हता.

तिसऱ्या रविवारी ऑर्फा उठली आणि भांडी आपटायला लागली.

“कुत्र्यांची नावं आहेत,” ती म्हणाली. “प्रत्येकाचं आहे. त्या हलकट ज्युबलचं आहे, ज्यानं माझी कोंबडी खाल्ली.”

मी म्हटलं, जुनी माणसं अशीच. माझ्या बापानं तर आम्हा पाचांपैकी निम्म्यांना दुसऱ्याच नावानं हाक मारली. ती हसली नाही. म्हणाली, हाक तरी मारली ना.

त्या कुत्र्यांखेरीज एक घोडी होती. तिचा उल्लेख सारखा यायचा. नाव नव्हतं, नुसती डागणीची खूण काढलेली असायची: एक गोल आणि खाली दोन पाय. आमच्याकडे तापल्या सळईनं गुरांच्या पुठ्ठ्यावर उमटवायच्या त्या खुणा पोरं मुळाक्षरांच्या आधी शिकतात. आडवं अक्षर म्हणजे आळशी, पंख असलेलं म्हणजे उडतं, पाय असलेलं म्हणजे चालतं. गोल म्हणजे इंग्रजी ओ, म्हणून हा झाला चालता ओ. मी तो तसाच वाचत गेले. ‘चालत्या ओला ताप. बाहेर गेलो नाही.’ ‘चालता ओ बरा.’ ‘चालत्या ओसाठी बूट घेतले.’ बूट म्हणजे नाल, आम्ही समजलो. एका घोडीपायी त्यानं तीन दिवस अस्वलाचा माग सोडला, हे वाचून तर आम्ही हसलोसुद्धा. ऑर्फा म्हणाली, कुठली ही घोडी कोण जाणे, मला आठवत नाही, पण भाग्यवान होती.

आणि मग चौथ्या रविवारी, १८९५ च्या वहीत, मी वाचलं: ‘चालत्या ओनं पहिल्यांदा भाकरी केली. जळली. सगळी खाल्ली.’

मी थांबले. ऑर्फाचे हात टेबलावर होते ते तिथेच राहिले.

“परत वाच,” ती म्हणाली.

मी परत वाचलं. घोड्या भाकरी करत नाहीत, हे तिला सांगायची गरज नव्हती.

“अकरा वर्षांची होते मी,” ती म्हणाली. “पार कोळसा झाला होता तिचा.”

सांगायला लाज वाटते. बाहेरचा कुणी शहाणा माणूस असता तर त्यानं पहिल्याच वहीत विचारलं असतं, की हे चिन्ह कशाचं? आम्ही दोघी जन्मभर डागण्यांत वाढलेल्या, म्हणून खूण दिसली की आम्हाला तिच्याखाली चार पायांचं जनावरच दिसतं. तरी मी सोमवारी कोर्टहाऊसमध्ये तळघरात उतरले आणि डागण्यांचं सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. वायोमिंग राज्य होण्याआधीचं, उंदरांनी कडा कुरतडलेलं. १८८४ चा एप्रिल. कॉर्बिन, एसा, यांनी नोंदवली डागणी: चालता ओ, डाव्या पुठ्ठ्यावर. जनावरं: एक कालवड. मालकाच्या रकान्यात मात्र एसाचं नाव नव्हतं. तिथे तेव्हाच्या कारकुनानं सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ऑर्फा कॉर्बिन, वय पाच आठवडे. ओ तिच्या नावाचा होता.

हे आमच्याकडे करतात. मूल झालं की बाप त्याच्या नावानं एक कालवड सोडतो आणि मुलाची वेगळी डागणी नोंदवतो, म्हणजे मूल मोठं होईतो कालवडीचा कळप होतो. पण शहाऐंशीच्या त्या हिवाळ्यात मेलेल्या एकशे साठांत ऑर्फाची कालवडही गेली असणार. त्यानंतर डागणीची नोंद कुणी पुन्हा केली नाही, ती रद्द झाली. ऑर्फा तेव्हा दोन वर्षांची. जे मेलं त्याबद्दल बोलायचं नाही हा एसाचा स्वभाव, म्हणून तिला कुणी सांगितलंच नाही की तिची एक खूण होती.

मी तो उतारा करून संध्याकाळी तिच्याकडे नेला. ती तो कागद डोळ्यांपाशी धरून बराच वेळ बघत होती. कुत्र्यांना डागत नाहीत, म्हणून कुत्र्यांची नावं लिहावी लागतात. जे डागलेलं, नोंदलेलं, आपलं, त्याचं नाव लिहायचं कशाला, खूण पुरे. एसाच्या डोक्यातला हिशेब इतका साधा होता. मला तो त्या वेळी फार गोड वाटला, आणि मी तसं म्हणाले.

ऑर्फानं कागदाची घडी घातली. म्हणाली, हो, गोड आहे. पण डागणी कुणाच्या अंगावर असते, तेही तुला माहीतच आहे.

मग आम्ही मागे गेलो आणि पहिल्या वहीपासून फक्त चालता ओ शोधत आलो. तो सगळीकडे होता. ‘चालत्या ओला पहिला दात.’ ‘चालता ओ नदीत पडला, काढला, रागावलो, मग वाटलं रागवायला नको होतं.’ तिच्या शाळेचा पहिला दिवस होता, त्या दिवशी त्यानं घोड्यावरून दीड मैल मागे मागे जाऊन ती आत गेल्याचं पाहिलं होतं. तिला हे ठाऊक नव्हतं. आई गेली त्या आठवड्यात त्यानं हवासुद्धा लिहिली नव्हती. पुढे एकच ओळ: ‘चालता ओ रडत नाही. काय करावं कळत नाही.’ मी वाचत होते आणि ऑर्फा त्या वेळी रडत होती, चाळिशी उलटून वीस वर्षं झालेली बाई, नाक वर ओढत, लपवायचं काही कारण नसल्यासारखी. मलाही रडू आलं. बीन्स करपल्या.

म्हणजे तिचा पहिला प्रश्न सुटला होता. मी मनातून म्हणत होते की आता दुसरा सोडून द्यावा. पाचव्या रविवारी मी तसं सुचवून पाहिलं. म्हटलं, प्रॅट शनिवारी येतोय, बाकीच्या वह्या त्यालाच वाचू दे.

“आठची वही काढ, विनी.”

मी काढली. एप्रिल उघडला. त्यातलं मी इथे जसंच्या तसं देते, कारण त्यात माझे शब्द मिसळले तर ते अन्यायाचं होईल.

‘११ एप्रिल. गार, वारा उत्तरेचा. दुकानातून टपाल. चालत्या ओला फिस्कचं पत्र. खिशात ठेवलं.’

‘१२ एप्रिल. पत्र वाचलं. माणूस सरळ लिहितो. घर बांधलंय, जूनच्या आत ये म्हणतो. दिलं नाही. खिंडीकडे पाद्रीचा माग आहे. निघालो.’

मी वर पाहिलं. ऑर्फा म्हणाली, पुढे.

पुढे ती शिकार होती. शाळेतल्या पोरांना शिकवतात ती, पितळी पाटीवरची, नऊ दिवसांची. खिंडीत बर्फ, एक कुत्रा पाय मोडून मागे राहिलेला, खायचं संपलं, एसाची दोन बोटं थंडीनं काळी पडली. लोक अजून विचारतात की पंचावन्न वर्षांचा माणूस एकटा एका अस्वलामागे एवढ्या बर्फात नऊ दिवस का गेला, मधूनच परत का फिरला नाही. अकरा वासरं मारली होती पाद्रीनं, म्हणून, असं उत्तर आम्ही देत आलो. वहीत रोज मागाखाली तीनच शब्द होते. ‘पत्र खिशात आहे.’ चौदाला, पंधराला, सोळाला. सतराला जरा जास्त: ‘पत्र खिशात आहे. परत फिरलो तर द्यावं लागेल.’

‘२० एप्रिल. पाद्री मारला. दोन गोळ्या. आग पेटवली. पत्र आगीत टाकलं.’

‘२२ एप्रिल. घरी. चालत्या ओनं विचारलं टपाल होतं का. नाही म्हणालो.’

ती शिकार साजरी करायला शाळेत नाच ठेवला होता, मला आठवत होतं. सगळं खोरं लोटलं होतं. सुक्या सफरचंदांचे सहा केक ऑर्फानं केले होते, आणि बापाच्या हाताला पट्टी बांधून तिनं त्याला घोड्यावर बसवलं होतं, कारण त्याची बोटं लगाम धरत नव्हती.

ती खिडकीकडे बघत बसली होती. मी पुढची पानं चाळली. मे, जून, जुलै. प्रत्येक टपालाच्या दिवशी हवेनंतर एकच: ‘चालता ओ फाटकाशी.’ ऑगस्टच्या मध्यावर: ‘चालता ओ फाटकाशी नाही.’ हे मी वाचून दाखवलं नाही. तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि वाचायला लावलं.

मला म्हाताऱ्याचा इतका संताप आला की तो समोर असता तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. छत्तीस वर्षं! त्या पायांच्या पट्ट्या, ते जेवण, ते कपडे, आणि हा शेगडीपाशी बसून रोज हवा लिहीत होता. मी उठले आणि एप्रिलचं पान धरलं. म्हटलं, हे मी फाडते, शेगडीत घालते. युनिव्हर्सिटीच्या पोरांनी तुझं हे दुःख वाचायची काही गरज नाही. अस्वल त्यांना पुष्कळ झालं.

ऑर्फानं माझं मनगट धरलं. तिचे हात अजून गवळणीचे आहेत, सुटू देत नाहीत.

“राहू दे.”

“अगं, पण त्यानं तुला…”

“मला माहीत आहे त्यानं काय केलं. त्यालाही माहीत होतं. सहा वर्षं शेगडीशेजारी बसला होता, हात लांब केला असता तर वही आत गेली असती. घातली नाही. मला म्हणाला, जाळू नकोस.” तिनं वही माझ्याकडून घेतली. “तोंडानं सांगायची हिंमत नव्हती, तेवढी हिंमत केली.”

मी विचारलं, म्हणजे तू त्याला माफ केलंस?

ती म्हणाली की ते तिला अजून माहीत नाही, घाई नाही, तो कुठे जात नाहीये. मग ती उठून भट्टीतली भाकरी बघायला गेली. त्या दिवशी आम्ही जेवलो. निघताना मी तिला त्या खेचराच्या थट्टेबद्दल बोलले, शाळेतल्या, ती ऐकली होतीस का म्हणून. म्हणाली, ऐकली होती, आणि त्या वेळी खरीच वाटली होती. मी माफी मागितली. तिनं माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि थंडी आहे, सावकाश जा म्हणाली.

शनिवारी प्रॅट आला. टक्कल पडायला लागलेला, सभ्य, चष्म्याआड डोळे मिचकावणारा माणूस. गाडीत खोकी, दोरी, छापील तक्ते, सगळं बरोबर. ऑर्फाच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं कॉफी घेतली, दोन तुकडे केक खाल्ला आणि वह्या बघून पोरासारखा खूश झाला. १९०८ ची वही हातात आली तेव्हा त्यानं आधी रुमालानं हात पुसले. ते मला आवडलं. मग तो पानं उलटत तक्ता भरायला लागला: हवामान, गुरं, शिकार, कुत्री. एप्रिलपाशी त्याची पेन्सिल थांबली.

“मिस कॉर्बिन, ही खूण फार ठिकाणी आहे. गोल आणि दोन पाय. मला वाटतं, ही वडिलांची आवडती घोडी असावी. यादीत ‘घोडी’ लिहू का? नाव आठवत असेल तर तेही सांगा.”

मी ऑर्फाकडे पाहिलं. ती कपात कॉफी ओतत होती. एक थेंब सांडला नाही.

“चालता ओ म्हणतात त्याला,” ती म्हणाली. “ती मी आहे. लिहा: ऑर्फा कॉर्बिन, मुलगी.”

प्रॅटनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. त्यानं त्या पानावरच्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या असाव्यात, कारण त्याचे कान लाल झाले. खोडरबर काढून त्यानं काहीतरी खोडलं आणि लिहिलं. मग हळूच म्हणाला की एप्रिलमधल्या नोंदी जरा खासगी आहेत, तिची इच्छा असेल तर त्या तिच्या हयातीत कुणाला दाखवल्या जाणार नाहीत, तशी सोय करता येते.

“नको,” ऑर्फा म्हणाली. “उघड्या ठेवा. तुमच्या यादीत पत्रांचा रकाना आहे ना?”

आहे, तो म्हणाला.

“मग त्यात घाला. एल्डन फिस्क याचं ऑर्फा कॉर्बिनला पत्र, एप्रिल १९०८.”

प्रॅट अडखळला. त्याला तिला दुखवायचं नव्हतं, पण तो यादी करणारा माणूस होता आणि यादीला सत्य लागतं. “मॅडम, ते पत्र तर इथे नाही. जे कागद हातात नाहीत ते आम्हाला यादीत घेता येत नाहीत.”

“ठाऊक आहे मला, ते नाही,” ऑर्फा म्हणाली. “पण आलं होतं. एवढंच लिहा. आलं होतं.”

त्यानं लिहिलं. ऑर्फानं हात पुढे केला, तक्ता घेतला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि ती ओळ तिच्या अधू डोळ्यांनी, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचली.